चारच्या भोंग्याचं जेवण

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बघायची वेळ क्वचितच यायची. ढोकीच्या साखर कारखान्याचा भोंगा पहाटे चारला, दुपारी बाराला आणि रात्री आठला वाजायचा आणि आमचं उठणं, चूल पेटणं, भांडणं, समेट, सगळं त्या तीन हाकांवर चालायचं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कारखान्यात पॅनवर होते. पॅन म्हणजे घराएवढं उंच, बंद लोखंडी भांडं. त्यात उसाचा रस आटतो आणि आटता आटता साखरेचा दाणा धरतो. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन तो दाणा धरला की नाही हे नुसत्या डोळ्यानं ओळखायचं, हे अण्णांचं काम. डोळा लागला की सगळं भांडं वाया. त्यामुळं जागं राहणं ही आमच्या घरात नुसती सवय नव्हती, अब्रू होती. ‘झोपाळू’ हा शब्द आमच्याकडं शिवीसारखा वापरत.

दिवाळी सरली की हंगाम लागायचा. वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या पुढूनच रस्ता होता. त्यावरून रात्रभर उसाच्या बैलगाड्या जायच्या, बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची, मधेच एखादा ट्रॅक्टर गाणी लावून धडधडत जायचा. मळीचा आंबूसगोड वास अंथरुणात, कपड्यांत, पिठाच्या डब्यातसुद्धा शिरायचा. अण्णांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. एक आठवडा ते पहाटे चारला कामावर चढायचे, म्हणजे सव्वातीनला जेवून निघायचे. एक आठवडा रात्री आठला चढून पहाटे चारला सुटायचे, म्हणजे साडेचारला घरी येऊन जेवायचे. तिसरा आठवडा मात्र माणसासारखा जायचा, रात्री साडेआठला अण्णा घरात. बाकीचे दोन आठवडे अण्णा दिवसा झोपायचे, आणि ते झोपले की आम्हा भावंडांना खोलीत पाऊल टाकायला बंदी असायची.

त्या पहाटेच्या जेवणाला मी त्यांच्या ताटाशेजारी बसायची. ही प्रथा आमच्या आत्यानं पाडलेली. आत्या अण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती आमच्याकडंच असायची, आणि घरात तिचाच शब्द चालायचा. कामावर जाणारा किंवा कामावरून आलेला गडी एकटा जेवायला बसला की त्याला अन्न अंगी लागत नाही, असं तिचं ठाम मत. आई चुलीपाशी, भाकरी थापायला. आत्याचे गुडघे थंडीत उठू देत नसत. धाकटा विलास तर हलवला तरी जागा व्हायचा नाही. राहिले मी. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी आईच्या हाकेला डोळे चोळत उठायची आणि अण्णांच्या शेजारी पाटावर बसायची.

आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं. दिवसभर अण्णा एकतर कामावर, नाहीतर चादर डोक्यावर घेऊन झोपलेले. हंगामाच्या पाच महिन्यांत बाप मला दिसायचा तो त्या चिमणीच्या उजेडात. तव्यावरची ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर करडीच्या तेलाची धार. अण्णा कांदा पाटावर ठेवायचे आणि मूठ आपटायचे. ठप्प! कांदा फुटला की आतला कोवळा गाभा माझ्या ताटात पडायचा. तो माझा हक्क. मग ते मला कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे, कोणत्या गाडीचा बैल बसला, कुणी दाणा धरताना घाई केली आणि साहेबाची बोलणी खाल्ली. मी ऐकत एक भाकरी संपवायची, कधी दीड. अण्णांना साखर मिळायची कारखान्यातून. शेवटी दुधात भाकरी चुरून वर मूठभर साखर. मग अण्णा कामावर किंवा अंथरुणात, आणि मी जागीच. झोप मोडली की मला परत लागायची नाही. आणि रात्री निजायला तर दहा व्हायचेच, कारण आत्याच्या गप्पांना शेजारणी जमायच्या त्या आमच्याच अंथरुणावर.

अशा दिवशी मला भूक लागायची ती काही विचारू नका. सात वाजता चहात बुडवून चार बटर खायचे. शाळेत दुसऱ्या तासालाच डबा उघडायचा. मधल्या सुटीत गूळ-शेंगदाणे. संध्याकाळी तर हात आपोआप साखरेच्या डब्यात जायचा. पोट भरलेलं असलं तरी तोंड काहीतरी मागायचं, आणि तेही गोडच मागायचं. डोकं जड, पाय जड, खेळायला नको वाटायचं. भूगोलाच्या तासाला तर मी उघड्या डोळ्यांनी झोपायची. तेराव्या वर्षी वसाहतीतल्या पोरांनी माझं नाव ‘पोतं’ ठेवलं. साखर कारखान्याची पोरं, त्यांना दुसरं काय सुचणार!

आत्यानं मात्र निदान करून टाकलं होतं. “झोपून झोपून अंग सुटलंय पोरीचं. म्हैस बघा, पडून ऱ्हाती, तवा फुगती.” मग माझी दुपारची डुलकी बंद झाली. रविवारी डोळा लागला की तोंडावर पाण्याचा हबका यायचा. वर हुलग्याचं माडगं, बिनसाखरेचं, वाटीभर. शाळेच्या भिंतीवर ‘लवकर निजे, लवकर उठे’ लिहिलेलं होतं. आत्याला त्यातलं दुसरं अर्धंच पाठ होतं. रोग एकीकडं आणि औषध भलतीकडं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. आणि गंमत बघा, घरात सगळ्यात जास्त झोपणारा विलास काडीपैलवान होता. त्याच्याकडं बोट दाखवलं की आत्या म्हणायची, “तो गडी हाय. त्याचं येगळं असतंय.”

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझा नातू. चौदा वर्षांचा आहे, सोलापूरला असतो. शाळा, क्लास, पुन्हा क्लास, आणि मग पांघरुणाखाली मोबाइल. वजन वाढलं म्हणून सून त्याला डॉक्टरांकडं घेऊन गेली, मीही सोबत होते. सूनबाईंनी खाण्याची सगळी यादी तयार ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी ती बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, “झोपतोस किती तास?” पोरानं मोबाइल खिशात सारला. बाई म्हणाल्या, वाढत्या वयात झोप कमी पडली की भूक वाढते, गोडाकडं आणि तळलेल्याकडं ओढ जाते, अंगात हालचालीचा उत्साह राहत नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, सगळा दोष झोपेवर ढकलूही नका, पण आधी झोप नीट करा. मला खुर्चीत बसल्या बसल्या हसू फुटलं. सूनबाईंना वाटलं, म्हातारीला काही झालं. पन्नास वर्षांपूर्वी हेच मला एका ड्रिलच्या मास्तरांनी सांगितलं होतं, आणि त्यांच्याकडं फक्त एक नोंदवही होती.

त्यांचं नाव शेख सर. उंच, सडपातळ, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनी आमच्या शाळेत मुलींचा कबड्डीचा संघ बांधला होता, आणि मी त्यात होते. हसू नका. पळण्यात मी मागं होते, पण माझ्या हाताच्या पकडीतून चढाईला आलेल्या पोरीचा घोटा सुटायचा नाही. सर मला कोपऱ्यात उभी करायचे. चटईबिटई काही नव्हतं, मुरमाच्या मैदानावर पाणी मारून आखलेलं अंगण. तिथं मला कुणी पोतं म्हणायचं नाही. तिथं मी सुमन होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी मी हवी होते. त्या वर्षी संक्रांतीनंतर उमरग्याजवळच्या मुरुम गावी मुलींचे सामने ठरले, पंचेचाळीस किलो वजनी गटात. सर दर महिन्याला सोसायटीच्या गोदामातल्या काट्यावर आमची वजनं करायचे. सामन्यांना सहा आठवडे उरले असताना मी साडेसत्तेचाळीस भरले. दिवाळीपासून मी रोज मैदानाला फेऱ्या मारत होते, माडगं पीत होते, आणि काटा वरच चालला होता. उतरलं नाही तर मुरुमला माझ्या जागी दुसरी जाणार, हे सरांनी स्पष्ट सांगितलं.

मी रडायला लागले तेव्हा सर नोंदवही उघडून खाली मातीत बसले. मागच्या दोन वर्षांची पानं त्यांनी उलटून बघितली आणि बोट ठेवत गेले.

“सुमन, हे बघ. श्रावणात तू बरी. भादव्यात बी बरी. दिवाळी झाली की चढलीच. मागल्या साली बी हेच. दिवाळीनंतर तुझ्या घरात असं काय होतंय?”

“काय न्हाय, सर. कारखाना चालू होतोय.”

“मग? कारखाना उसाला पिळतो. तुला कशाला फुगवतो?”

मी सांगितलं. भोंगा, अण्णांचं जेवण, गाभा, सगळं. पावसाळ्यात कारखाना बंद, अण्णा सकाळी आठला जाऊन संध्याकाळी घरी, म्हणजे मी रात्री निजायची ती उजाडल्यावरच उठायची. सरांनी बोटांवर तास मोजले, पुन्हा मोजले. “पाच तास? कधी साडेपाच?” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “आमचे वालिद टांगा चालवायचे. म्हणायचे, घोड्याला दाणा बी लागतो आन् नींद बी लागती. नींद न्हाय दिली तर दाण्यावरच पडतंय जनावर.” हसले आणि उठले. “चल, मला तुमच्या घरी यायचंय.”

शेख सर घरी आले त्या आठवड्यात अण्णा दुपारच्या शिफ्टला होते. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते आणि सगळे घरात होते. आईनं चहा ठेवला. सरांनी नोंदवही अण्णांपुढं धरली आणि आपलं म्हणणं मांडलं. अण्णा वाकून ते आकडे बघत राहिले, काचेच्या पट्टीवरचा थेंब बघावा तसे. आत्या दाराआडून ऐकत होती, ती बाहेरच आली.

“मास्तर, झोपल्यानं कुणी वाळतंय व्हय? आमी काय आज बघतोय का लेकरं?”

“आक्का, मी काय डॉक्टर न्हाय. पण दोन सालाची वही खोटं कशाला बोलंल?”

“आन् माझा भाऊ एकटा जेवंल? राबून आलेला गडी भिताडाकडं बघत घास गिळंल?”

मी चुलीपाशी बसून आईच्या पदराचं टोक पिळत होते. मला मुरुमला जायचं होतं, फार जायचं होतं. पण आता त्या जेवणावरच घाला पडत होता. मला दोन्ही पाहिजे होतं. तेराव्या वर्षी माणसाला दोन्हीच पाहिजे असतं.

अण्णांनी वही मिटून सरांच्या हातात दिली. “आता पहाटं माझ्यासंगं कुणी उठायचं न्हाय,” ते म्हणाले. “आक्का, शेजारणींचा बाजार आठच्या भोंग्याला बंद. पोरगी नऊला निजंल.” आत्या काही बोलायला गेली तशी ते तिला म्हणाले, “जेवताना एकटा असलो तरी ती हितंच झोपल्याली असतीया की. मी काय परगावात जेवतोय का?”

मी सोमवारपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. मला राग आला होता. मला वाटलं, अण्णांना माझ्यावाचून काही अडत नाही, इतक्या सहज सोडून दिलं त्यांनी. त्यांची रात्रपाळी लागली तसे पहिले दोन-तीन दिवस मी हट्टानं चारच्या भोंग्याला जागी व्हायची आणि पांघरुणात पडून कान द्यायची. काही ऐकू यायचं नाही. अण्णा आले की नाही तेच कळायचं नाही. एरवी सायकलचं स्टँड खाडकन वाजायचं, खाकरल्याचा आवाज यायचा, चपला आपटायच्या. आता सगळं सामसूम. चौथ्या दिवसापासून तर भोंगासुद्धा ऐकू येईनासा झाला. मी आडवी झाले की थेट सहाला उठायची, आईनं चुलीत लाकूड सारलं की. बाहेर घुंगरं वाजत असायची, ट्रॅक्टर जात असायचे, पण मला पत्ता नसायचा.

दोन आठवड्यांत काय झालं ते सांगते. दुसऱ्या तासाला डबा उघडायचं मी विसरले. खरंच विसरले, मधल्या सुटीत दप्तरात हात घातला तेव्हा आठवलं. संध्याकाळी साखरेच्या डब्याकडं हात जाईना. मैदानावर पाय हलके पडायला लागले, सर “आता पुरे” म्हणायचे तरी मी अजून एक फेरी मारायची. भूगोलाच्या तासाला नद्या कुठून कुठं जातात ते पहिल्यांदा कळलं. यातलं किती झोपेमुळं, किती पहाटेची दीड भाकरी सुटल्यामुळं आणि किती पळण्यामुळं, हे वेगळं करून सांगायला मी काही डॉक्टर नाही. पण पळत तर मी आधीही होते. झोप तेवढी नवी होती.

मग एका पहाटे पोटात पाणी जास्त झालं म्हणून मी उठले. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात आले तर चिमणी अगदी बारीक, आणि तिला आडोसा म्हणून पाट उभा केलेला, उजेड माझ्या अंथरुणाकडं येऊ नये म्हणून. अण्णा पाठमोरे जेवत होते. आईसुद्धा नव्हती. तिलाही त्यांनी झोपवलं होतं, भाकरी रात्रीच्याच. चपला उंबऱ्याच्या आत, हातातून आणून ठेवल्यासारख्या शेजारी. सायकल खांद्यावर उचलून आणून भिंतीला टेकवलेली. कांदा त्यांच्या ताटात होता, पण विळीवर चिरलेला. आयुष्यभर मुठीनं कांदा फोडणारा माणूस, त्यानं तो आवाज होऊ नये म्हणून कांदा चिरला होता. आणि मधला गाभा ताटाच्या कडेला तसाच वेगळा काढून ठेवला होता. मी बाहेर न जाताच परत येऊन पडले. माझा सगळा राग गेला आणि मला फार रडू आलं. मोठ्यानं रडले असते तर त्यांना कळलं असतं, म्हणून उशी तोंडात धरली.

मुरुमला वजनं अडत दुकानात झाली. तुरीच्या पोत्यांच्या रांगेत आम्ही पोरी उभ्या, आणि काट्यावर एक हमाल, त्या बाजूचा, अर्धं कन्नड बोलणारा. माझा नंबर आला तेव्हा माझ्या शेजारी खरोखरचं पोतं होतं आणि मला हसूच आवरेना. हमालानं वजनं लावली, दांडी हलली, पुन्हा हलली, आणि सरळ स्थिरावली. पंचेचाळीसला. “साकु, साकु, पुरे,” तो म्हणाला, “उतर खाली.” शेख सरांनी नोंदवहीत आकडा लिहिला आणि शिट्टी वाजवली, भर बाजारात. सामने आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. उमरग्याच्या पोरी घोड्यासारख्या पळत होत्या. पण मी चार घोटे धरले आणि त्यातला एकही सुटला नाही.

आम्ही संध्याकाळी घरी आलो तेव्हा अण्णा रात्रीच्या कामासाठी निघत होते. बोलायला वेळच नव्हता. सायकलवर बसता बसता त्यांनी नुसती भुवई उडवली, मी पंचेचाळीस म्हणाले, आणि ते गेले. मी भाकरी खाल्ली आणि आठच्या भोंग्यालाच आडवी झाले. आत्या कुणालातरी दबक्या आवाजात सांगत होती, “हळू बोल गं, सुमी झोपलीया.” तिचा तो आवाज ऐकून मी झोपेतच हसले असेन.

मला कुणी उठवलं नाही. भोंग्याच्या आधी मी आपोआप जागी झाले, डोळे स्वच्छ, अंग हलकं. साडेसात तास तरी झाले होते. मी चूल पेटवली, रात्रीची भाकरी निखाऱ्यावर शेकली, दोन पाट मांडले आणि बसून राहिले. भोंगा वाजला. बऱ्याच वेळानं दार आवाज न करता उघडलं. अण्णा आत आले, खांद्यावर सायकल, हातात चपला, आणि मला बघून तसेच उभे राहिले.

“का गं उठलीस? भूक लागली?”

“न्हाय. भूक न्हाय लागली, अण्णा. झोप बी पुरती झाली. तुमच्यासाठी उठले.”

त्यांनी सायकल टेकवली. हात धुतले. पाटावर बसले आणि टोपलीतून कांदा घेतला, विळीकडं एकदा बघितलं, विळी पायानं बाजूला सारली. मग मूठ उचलली. ठप्प! आतल्या खोलीत विलास कुशीवर वळला, आत्या “काय झालं, काय झालं” करत उठून बसली. अण्णांनी गाभा माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाले, “एवढाच हां.”